अडथळा-उडी अश्वशाळा

अडथळा-उडी अश्वशाळा : ठराविक क्रमाने मांडलेल्या अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या, म्हणजेच ‘शो जंपिंग’च्या, स्पर्धांसाठी घोडे ठेवण्याची, शिकविण्याची व त्यांची निगा राखण्याची जागा. अशा अश्वशाळा प्रामुख्याने जर्मनी, नेदर्लंड्स, बेल्जियम, फ्रान्स, ब्रिटन व आयर्लंड या देशांत आहेत. अठराव्या शतकात इंग्लंडमधील शेतजमिनींना कुंपणे पडू लागली, तेव्हा कोल्ह्याच्या शिकारीतील घोड्यांना ती ओलांडणे भाग पडले. त्या कौशल्यातून पुढे ही स्पर्धा निर्माण झाली. इटालियन घोडदळातील फेदेरीको काप्रीली (१८६८–१९०७) याने उडीच्या वेळी पुढे झुकून घोड्याच्या पाठीवरील भार हलका करण्याची बैठक रूढ केली. ऑलिंपिक सामन्यांत या प्रकाराचा समावेश प्रथम १९०० मध्ये पॅरिस येथे व १९१२ पासून नियमितपणे झाला. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाची स्थापना १९२१ मध्ये झाली. होल्स्टायनर, हॅनोव्हेरियन, सेल फ्रान्से इ. जातींचे, सु. ५०० ते ६०० किग्रॅ. वजनाचे घोडे या कामासाठी पसंत केले जातात.

निवास व बिछाना : घोडा दिवसातून तास-दीड तासच स्वाराखाली असतो, उरलेला बराच काळ तो ठाणावर काढतो. त्यामुळे अश्वशाळेचे यश ठाणाच्या व्यवस्थेवर फार अवलंबून असते. एका घोड्यास सु. ३.६ मी. लांब व तितकीच रुंद बंदिस्त खोली देतात. जमीन काँक्रीटची असल्यास तीवर रबराचे जाड पत्रे घालून वर बिछाना पसरतात. घोडा उभ्याने डुलकी घेऊ शकतो. परंतु निद्रेचा एक आवश्यक भाग त्यास पडूनच घ्यावा लागतो. बिछाना पातळ किंवा ओला असेल, तर तो पडण्याचे टाळतो व कालांतराने थकतो. भिंतीलगत बिछान्याचा उंच बांध करतात. त्यामुळे लोळताना घोडा भिंतीत अडकून पडण्याची भीती कमी होते.

गव्हाचे काड हा जुना व उबदार बिछाना होय. घोडा ते चघळतो, त्यामुळे त्याचा वेळ जातो व लाकूड चावणे, सतत डुलणे यांसारख्या खोडींना आळा बसतो. मात्र काडातील धूळ व बुरशीची बीजुके श्वासनलिकांना दाह उत्पन्न करून दम्यासारखा विकार जडवितात. काड फार खाल्ल्यास पोटशूळही होतो. म्हणून अनेक ठिकाणी धूळ काढलेला लाकडाचा कीस, भांगेच्या वा अळशीच्या देठांचे तुकडे किंवा कागदाचे कपटे वापरतात. काळ्या अक्रोडाचा कीस कटाक्षाने वर्ज्य करतात, कारण त्याच्या संपर्काने खुरांतील ऊतकांचा तीव्र दाह होतो. मूत्रातील यूरियापासून सूक्ष्मजंतूंच्या क्रियेने अमोनिया तयार होतो. तो फुप्फुसांस अपायकारक असल्याने लीद व ओला भाग रोज काढतात. ओलसर ठाणावर खुराच्या तळव्याला सडका विकार होतो.

दिनक्रम : पहाटे वैरण व पाणी देऊन कामास सुरुवात होते. घोड्याच्या जठरात आम्ल सतत स्रवत असल्याने तो दीर्घकाळ उपाशी राहिल्यास व्रण पडतात. म्हणून चंदी थोडी व विभागून, तर वैरण दिवसभर देतात. मोतद्दार खरारा करतो, खूर साफ करतो व पायांवर हात फिरवून सूज किंवा ऊब तपासतो. प्रत्यक्ष उड्यांचा सराव आठवड्यातून एक-दोनदाच असतो. इतर दिवशी सपाट मैदानावरील कसरत, चालणे व कुरणात मोकळे सोडणे यांवर भर असतो. नालबंद साधारणतः दर पाच ते आठ आठवड्यांनी नाल बदलतो.

स्पर्धा : स्पर्धेपूर्वी स्वार मार्ग पायी चालून अडथळ्यांमधील अंतर मोजतो, दौडीतील एक टाप सु. ३.६ मी. धरतात. घोड्याला मार्ग आधी दाखवीत नाहीत. सर्वोच्च पातळीवर अडथळे सु. १.६० मी. उंच असतात. दांडा पाडल्यास चार व पहिल्या नकारास चार दोषगुण मिळतात. दुसरा नकार किंवा पडणे झाल्यास स्पर्धक बाद होतो. बरोबरी झाल्यास आखूड मार्गावर वेळेनुसार निर्णय करतात. उंच उडीचा २.४७ मी. हा जागतिक विक्रम चिलीच्या ‘वासो’ या घोड्याने आल्बेर्तो लार्रागिबेल याच्या स्वारीखाली ५ फेब्रुवारी १९४९ रोजी केला.

यशाच्या हव्यासातून काही गैरप्रकारही उद्‌भवले. दांड्याचा स्पर्श झोंबावा म्हणून पायांना मिरचीतील कॅप्सेसिन चोळणे हा त्यांपैकी एक. २००८ च्या ऑलिंपिक अश्वारोहण स्पर्धा हाँगकाँग येथे झाल्या, तेव्हा या द्रव्यामुळे काही घोडे बाद ठरले. त्यामुळे पायांची तपासणी व उत्तेजक द्रव्यांची चाचणी यांना महत्त्व आले आहे.

भारतात हा खेळ मुख्यतः सैन्यदल व मोजके क्लब यांनी जोपासला. महाराष्ट्रात मुंबईतील महालक्ष्मी येथील अमॅच्युअर रायडर्स क्लब व खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी येथे अश्वारोहणाचे शिक्षण मिळते. दमट हवेत काड लवकर बुरसते; अशा ठिकाणी बिछाना कोरडा राखणे व खेळती हवा ठेवणे यांकडे विशेष लक्ष द्यावे लागते.