हार्डवेअर-विसंगत चाचण्या वगळणे

हार्डवेअर-विसंगत चाचण्या वगळणे ही हार्ड डिस्क, एसएसडी इत्यादी साठवण उपकरणांचे ड्रायव्हर तपासताना वापरली जाणारी पद्धत होय. चाचणीला आवश्यक असलेली क्षमता जोडलेल्या उपकरणात नसेल, तर ती चाचणी न चालवता 'वगळली' अशी सकारण नोंद केली जाते.

गरज

एकाच ड्रायव्हरवर भिन्न क्षमतांची उपकरणे चालतात. उदा., एखादी जागा आता वापरात नाही हे उपकरणाला कळवणारी 'डिसकार्ड' आज्ञा बहुतेक एसएसडी स्वीकारतात. पारंपरिक हार्ड डिस्क सहसा स्वीकारत नाहीत. अशा डिस्कवर डिसकार्डची चाचणी अनुत्तीर्ण झाली, तरी तो ड्रायव्हरचा दोष नसतो. खोट्या अपयशांच्या गर्दीत खरा दोष झाकला जातो आणि साठवणुकीतील दोषामुळे वापरकर्त्याची माहिती कायमची नष्ट होऊ शकते.

कार्यपद्धती

लिनक्स कर्नेलच्या ब्लॉक स्तरासाठी 'बीएलकेटेस्ट्स' हा बॅश भाषेतील चाचणीसंच वापरला जातो. त्यातील चाचणीच्या पूर्वअटी 'रिक्वायर्स' या फंक्शनमध्ये, तर विशिष्ट उपकरणाविषयीच्या अटी 'डिव्हाइस रिक्वायर्स' या फंक्शनमध्ये लिहितात. अट पूर्ण न झाल्यास तिचे कारण नोंदवून चाचणी 'नॉट रन' अशी दाखवली जाते. कर्नेलच्या सेल्फटेस्ट संचात हाच भेद संकेतांकांनी दर्शवतात : 0 म्हणजे उत्तीर्ण, 1 म्हणजे अनुत्तीर्ण आणि 4 म्हणजे वगळलेली.

मर्यादा

वगळलेली चाचणी उत्तीर्ण मानता येत नाही. त्या बाबतीत तपासणी झालेलीच नसते. शिवाय उपकरणाची क्षमता बहुधा कर्नेलने दिलेल्या माहितीवरूनच ठरवली जाते. ड्रायव्हरने दोषामुळे असलेली क्षमता 'नाही' अशी कळवली, तर चाचणी वगळली जाते आणि जो दोष पकडायचा तोच निसटतो. म्हणून वगळलेल्या चाचण्यांची यादी आधीच्या यादीशी ताडून पाहणे आवश्यक असते. हार्डवेअर तेच असताना कालपर्यंत चालणारी चाचणी आज वगळली गेली, तर तिचे कारण शोधावे लागते.

पर्याय

काही वेळा खऱ्या उपकरणाऐवजी आभासी उपकरण वापरता येते. उदा., 'नल ब्लॉक' हा लिनक्स ड्रायव्हर ठरावीक विभागांत क्रमानेच लेखन करावे लागणाऱ्या 'झोन्ड' डिस्कचे अनुकरण करू शकतो. त्यामुळे अशी डिस्क हाताशी नसतानाही ब्लॉक स्तराची चाचणी घेता येते. मात्र प्रत्यक्ष डिस्कच्या ड्रायव्हरची तपासणी त्यातून होत नाही.