बेचाळीस मिलिमीटरचे आटे

बरणीचं झाकण फिरवून घट्ट केलं की ते नेमकं कुठे थांबलं, हे कोण बघतं? आता कॅमेऱ्याची लेन्स तशीच फिरवून बसवायची आहे असं समजा. ती थांबेल तेव्हा तिच्यावरची खूण बरोबर माथ्यावर यायला हवी. शिवाय लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर हवं ४५.४६ मिलिमीटर. दशांशचिन्हापुढचे ते दोन आकडे पाहिलेत? तिथे थोडीशी जरी चूक झाली तरी दूरचे डोंगर धूसर येतात.

हे सगळं सांभाळलं ते साध्या आट्यांनी. व्यास ४२ मिलिमीटर, दोन आट्यांमधलं अंतर १ मिलिमीटर. फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बवर्षावात ड्रेस्डेन शहर बेचिराख झालं आणि १९४९ मध्ये त्याच शहरातून हे आटे असलेला कॉन्टॅक्स एस कॅमेरा बाजारात आला. पुढे हेच माप प्राक्टिकाने वापरलं, मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कमध्ये झेनिटने वापरलं आणि जपानमध्ये पेंटॅक्स, याशिका, फुजिका यांनीही. शीतयुद्ध ऐन भरात असताना सोव्हिएत हेलिओस लेन्स जपानी कॅमेऱ्यावर निमूट बसत होती! मला तर हा करारमदारांपेक्षा मोठा समझोता वाटतो.

आता याच आट्यांचा १९६४ चा पेंटॅक्स स्पॉटमॅटिक हातात घ्या. त्यातला सेल काढून टाका. प्रकाशमापकाचा काटा तेवढा हलायचा थांबेल, बाकी कॅमेरा चालूच राहील. मग ताकद येते कुठून? तुमच्या अंगठ्यातून. फिल्म पुढे सरकवायला तरफ ओढलीत, तेव्हाच आतल्या स्प्रिंगा ताणल्या गेल्या.

बटण दाबा. आतली एक पट्टी पुढे येऊन लेन्सच्या मागची बारीक पिन ढकलते आणि लेन्समधलं छिद्र ठरवलेल्या आकारापर्यंत मिटतं. आरसा वर उडतो. कापडी पडदा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे धावतो, त्याच्यामागे दुसरा पडदा. आरसा परत खाली, छिद्र परत उघडं. हे वाचायला जेवढा वेळ लागला, त्याच्या कितीतरी आधी ते घडून गेलं!

सेकंदाच्या हजाराव्या भागावर तर आणखी गंमत आहे. एवढ्या वेळात पडदा फिल्मच्या चौकटीचे ३६ मिलिमीटर पार करूच शकत नाही. मग पहिला पडदा सुटतो न सुटतो तोच दुसरा निघतो आणि दोघांमधली जेमतेम दोनेक मिलिमीटरची फट फिल्मवरून सरकत जाते. म्हणजे फोटोच्या एका कडेचा क्षण आणि दुसऱ्या कडेचा क्षण एकच नसतो. ज्याला आपण ‘एक क्षण टिपला’ म्हणतो, तो कडेकडेने टिपलेला असतो.

या कॅमेऱ्यासोबत पन्नास मिलिमीटरची, १.४ छिद्राची सुपर टाकुमार लेन्स मिळाली तर तिच्यातून पांढऱ्या कागदाकडे बघा. पिवळसर दिसतोय? तिच्या बऱ्याच प्रतींमध्ये थोरियम मिसळलेली काच आहे. प्रकाश जोरात वळवायचा, पण त्यातले रंग फारसे फाकू द्यायचे नाहीत, हे अवघड काम ती काच करते. थोरियमचं अर्धायुष्य आहे सुमारे १४ अब्ज वर्षं, जवळजवळ विश्वाच्या वयाइतकं! त्याच्या किरणोत्सारानेच काच पिवळी पडते. आणि उपाय? ऊन. त्यातल्या अतिनील किरणांनी काही आठवड्यांत पिवळेपणा बराच उतरतो. फक्त उन्हात ठेवताना लेन्सचं पुढचं झाकण लावा आणि मागचं काढा, नाहीतर भिंगाने गोळा केलेलं ऊन मागच्या वस्तूला जाळेल.

फिल्म परवडत नसेल तरी या लेन्सा अडत नाहीत. आजच्या सोनीच्या मिररलेस कॅमेऱ्यात ते बैठकीचं अंतर १८ मिलिमीटर आहे. उरलेले २७.४६ मिलिमीटर एका पोकळ कड्याने भरायचे, त्यात काचसुद्धा लागत नाही. मात्र पिन ढकलणारी ती पट्टी नव्या कॅमेऱ्यात नाही. तेव्हा लेन्सच्या अंगावरचा छोटा खटका ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर सरकवायला विसरू नका, नाहीतर छिद्राची कडी कितीही फिरवलीत तरी छिद्र सताड उघडंच राहील.