सावरण्याची खात्री मोजताना

मे १९९६ मध्ये अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात बफेलो क्रीकच्या परिसरात मोठा वणवा पेटला. झाडोरा जळून गेला की मातीत मेणचट थर धरतो आणि पाणी मुरेनासं होतं. त्यामुळे जुलैतल्या एका जोरदार पावसानं तिथं लोंढे आले आणि वणव्यातून वाचलेल्यांना पुरानं गाठलं. मानसशास्त्रज्ञ चार्ल्स बेनाइट यांनी सहसंशोधकासह अशा ४६ रहिवाशांची दोनदा पाहणी केली: पुरानंतर तीन ते आठ आठवड्यांत आणि पुन्हा वर्षानं. सुरुवातीचा धक्का आणि वर्षानंतरचा त्रास यांचा संबंध होताच, पण त्या दोहोंच्या मधे एक दुवा सापडला. यातून मी मार्ग काढू शकेन, ही ज्याची त्याची खात्री.

ही खात्री म्हणजे सरसकट आत्मविश्वास नव्हे. अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेला सिद्धांत सांगतो की ती विशिष्ट कामापुरती असते. बेनाइट आणि सहकाऱ्यांची २०१५ची नऊ प्रश्नांची मोजपट्टी म्हणूनच बारीक विचारते: वाईट स्वप्नं आवरता येतील? घडल्याचा दोष स्वतःला न देता राहता येईल? कुणाकडे मदत मागता येईल? उत्तर एक ते सातमध्ये द्यायचं. माझ्या मते बेरजेपेक्षा हे सुटे आकडेच मोलाचे. मदत मागण्याला सहा आणि स्वप्नांना एक देणाऱ्या माणसाबरोबर काम कुठून सुरू करायचं, हे समुपदेशकाला लगेच कळतं.

हा त्रासाचाच उलटा आकडा आहे, असा आक्षेप घेतला जातो, आणि त्यात तथ्य आहे. खचलेला माणूस स्वतःला कमीच गुण देणार. शिवाय ४६ जणांच्या पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तरीही दुखतं किती, हे कळल्यानं काय करता येईल हे कळत नाही. दुसऱ्या प्रश्नासाठी वेगळी मोजणी लागतेच. त्याहून गंभीर आक्षेप असा, की सावरण्याचा सगळा भार अशानं पीडितावर पडतो. तसं होऊ देता कामा नये. १९९५च्या ओपल चक्रीवादळानंतरच्या अभ्यासात दिसलं की ज्यांचं जास्त गेलं, त्यांची खात्रीही खालावली होती. घर, मिळकत, शेजार गेलेल्या माणसाला धीराचे चार शब्द पुरत नाहीत. बांडुरांच्या मते खात्री वाढवण्यात सर्वांत मोठा वाटा असतो तो स्वतः पार पाडलेल्या कामाचा, आणि त्या कामासाठी आधी छप्पर आणि हातात थोडे पैसे लागतात. म्हणून कमी गुण मिळालेल्यांकडे मदत आधी पोहोचावी, जास्त गुण मिळालेल्यांची मदत मात्र कापली जाऊ नये, आणि हेच प्रश्न काही आठवड्यांनी पुन्हा विचारले जावेत.