होन, पुतळी आणि इंग्रजांचं नाण्याचं कलम

रायगडाच्या गप्पा फिरून फिरून सोन्यावर येतात आणि घोळ तिथेच सुरू होतो. मालिका पाहून अनेकांना वाटतं, की शिवकाळात महाडच्या पेठेत लोक कमरेच्या कशातून होन काढून मीठमिरची घेत. होन जेमतेम पावणेतीन ग्रॅमचा, पण त्यात सोनं होतं. तो मोठ्या देण्याघेण्यात आणि सरकारी हिशेबात चाले. रोजच्या बाजाराला तांब्याची शिवराई. शिवाजी महाराजांचे अस्सल सोन्याचे होन आज हाताच्या बोटांवर मोजावेत इतके दुर्मिळ आहेत, तेव्हा कोणी ‘आजोबांच्या पेटीतला’ म्हणून स्वस्तात होन देऊ लागला तर खिशातला हात खिशातच राहू द्यावा.

स्वराज्याच्या खजिन्यात फक्त स्वराज्याचंच नाणं होतं, हाही असाच एक समज. महाराजांचं चरित्र सांगणाऱ्या सभासदाच्या बखरीतली खजिन्याची यादी वाचावी. शिवराई होनाच्या शेजारी पातशाही, अच्युतराई, देवराई, धारवाडी असे कितीतरी परके होन बसलेले आहेत. विजयनगर बुडून शतक उलटलं तरी त्याचं नाणं इथे मानाने नांदत होतं, कारण सराफ शिक्का नंतर बघे, आधी कस आणि वजन.

हे सूत्र खुद्द रायगडावर इंग्रजांना ऐकावं लागलं. ‘साहेब आला आणि त्याने आपला रुपया लादला’ हे एकोणिसाव्या शतकातलं चित्र आपण सरसकट मागे ढकलतो. 1674 च्या राज्याभिषेकाला ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन गडावर आला तो वीस कलमांची विनंती घेऊन. कंपनीने मुंबईत नुकतीच टांकसाळ घातली होती आणि तिथलं नाणं स्वराज्यात चालावं, हे त्यातलं एक कलम. बाकीची बहुतेक मान्य झाली. नाण्याच्या कलमावर मात्र महाराजांचे मंत्री निराजीपंत यांच्याकरवी उत्तर आलं ते असं : आम्ही कोणाच्याच नाण्याला बंदी करत नाही, पण रयतेला तोटा होईल असं नाणं घ्यायची सक्तीही तिच्यावर करणार नाही. तुमचं नाणं मोगलांच्या नाण्याइतकं कसदार आणि वजनदार असेल तर आपोआप चालेल. फुटून किनाऱ्याला लागलेल्या जहाजांचं कलमही असंच अडलं, पण मला हे नाण्याचं उत्तर जास्त आवडतं. नकार आहे आणि तक्रारीला जागा नाही.

मग या मोगली नाण्यातली चांदी कुठली? भारतात चांदीच्या खाणी नावापुरत्याच होत्या. 1545 मध्ये दक्षिण अमेरिकेत पोतोशीचा डोंगर सापडला, तिथे स्थानिक लोकांना वेठीला धरून चांदी उपसली गेली, ती स्पेनची नाणी होऊन युरोपात गेली आणि कंपन्यांच्या जहाजांतून सुरतेला उतरली. तिथे वितळून तिचे मोगली रुपये पाडत. युरोपने पहिल्या दिवसापासून भारताचं सोनं-चांदी वाहून नेलं, असं म्हणणाऱ्यांनी सतरावं शतक नीट पाहावं. आपल्याकडे खपेल असा माल युरोपापाशी थोडाच होता, म्हणून कापड आणि मिरी घ्यायला त्यांना रोख चांदी आणावी लागे. 1757 नंतर बंगालचा महसूलच कंपनीच्या हाती आला आणि इथल्याच पैशाने इथला माल उचलण्याची सोय झाली. लूट खरीच, फक्त तिची तारीख चुकते.

कोकणात याखेरीज लारी चाले : चांदीची जाड तार मधोमध दुमडून तिच्यावर शिक्का मारलेला. इराणकडून आलेली ही तऱ्हा आदिलशाहीनेही उचलली.

आणि पुतळ्यांची माळ? महाड-पोलादपूरकडे लग्नात ती निघाली, की ‘अस्सल मराठमोळा दागिना’ म्हणून कौतुक होतं. दागिना मराठमोळा आहेच, पण पुतळी मुळात व्हेनिसची डुकाट. 1284 पासून व्हेनिसने ती पाडली : साडेतीन ग्रॅम, जवळजवळ शुद्ध सोनं. एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा राज्यप्रमुख, दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या लंबगोलात येशू. तांबड्या समुद्राच्या व्यापारातून ती पश्चिम किनाऱ्यावर आली. सभासदाच्या यादीतही पुतळ्या आहेत. 1797 मध्ये नेपोलियनने ते प्रजासत्ताकच संपवलं, तरी आपल्या सोनारांनी पुतळी पाडणं थांबवलं नाही. नकलेची नक्कल होता होता लॅटिन अक्षरांच्या नुसत्या रेघा झाल्या, पुढे चित्रंही बदलली आणि त्या जागी लक्ष्मी किंवा राम-सीता आली. जुनी माळ मोडीत घालण्याआधी एकेक पुतळी भिंगाखाली धरून बघा. अक्षरं लागत असतील आणि काठाला तारे दिसत असतील, तर सोनाराआधी नाण्यांच्या जाणकाराकडे जा.