स्थावर की जंगम? इंग्लंडच्या कालव्यांवरील नौकावासीयांचे दैनंदिन जीवन

मालमत्तेचे स्थावर आणि जंगम असे दोन भाग पाडण्याची रीत जुनी आहे. घर पहिल्या भागात मोडते, वाहन दुसऱ्या. आधुनिक राज्यसंस्थेचा नागरिकांशी होणारा बराचसा व्यवहार याच विभागणीवर उभा आहे. करआकारणी, मतदारयादी, शाळाप्रवेश, टपाल या सर्वांना माणसाचा पत्ता लागतो, आणि पत्ता म्हणजे जागचे न हलणारे घर असे गृहीत धरलेले असते. या विभागणीत न बसणारे घर ज्यांच्या वाट्याला आले, किंवा ज्यांनी ते बुद्ध्या पत्करले, अशा लोकांचे जीवन समाजशास्त्राच्या अभ्यासकाला उद्बोधक वाटल्यावाचून राहत नाही. इंग्लंडमधील कालव्यांवर अरुंद नौकांतून राहणारा वर्ग हा अशांपैकीच एक होय. त्याची दिनचर्या आणि त्या दिनचर्येला आकार देणारे कायदे यांचा प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे. लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे की, एके काळी प्रवास हे या लोकांच्या उपजीविकेचे साधन होते. आज त्यांच्यापैकी अनेकांच्या बाबतीत तो वास्तव्याची अट झाला आहे, आणि या जीवनातील बहुतेक अडचणींचे मूळ या स्थित्यंतरात सापडते.

नौकेचे माप

इंग्लंडमधील कालवायुगाचा आरंभ सामान्यतः १७६१ साली वाहतुकीस खुल्या झालेल्या ब्रिजवॉटर कालव्यापासून मानतात. वर्स्ली येथील खाणींतील कोळसा मँचेस्टरला नेण्यासाठी ड्यूक ऑफ ब्रिजवॉटर याने तो बांधविला. त्या कामावरील अभियंता जेम्स ब्रिंडली याने पुढे ट्रेंट आणि मर्सी या नद्यांना जोडणारा कालवा हाती घेतला. तो त्याच्या मृत्यूनंतर, १७७७ मध्ये पूर्ण झाला. या कालव्यावर चढउतारासाठी जे जलपाश, म्हणजे प्रचलित भाषेत ‘लॉक’, बांधले गेले त्यांपैकी बहुतेकांची रुंदी सुमारे ७ फूट आणि लांबी सुमारे ७२ फूट ठेवण्यात आली. जलपाश अरुंद असला म्हणजे बांधकामाचा खर्च आणि प्रत्येक खेपेस खर्ची पडणारे पाणी या दोहोंची बचत होते. मध्य इंग्लंडमधील अनेक कालव्यांनी हेच माप स्वीकारले आणि त्यामुळे सुमारे ७० फूट लांब व ७ फुटांस थोडी कमी रुंद अशी नौका रूढ झाली. एक घोडा तीतून पंचवीस टनांच्या आसपास माल ओढून नेत असे.

हे माप केवळ तांत्रिक इतिहासाचा विषय नाही. अडीचशे वर्षांपूर्वी पाणी आणि पैसा वाचविण्यासाठी ठरविलेली रुंदी आजही या लोकांच्या घराची रुंदी आहे. नौकेच्या भिंतींची जाडी वजा जाता आत जेमतेम सहा फूट जागा उरते. खोल्या शेजारी शेजारी असू शकत नाहीत. त्या एकापुढे एक, आगगाडीच्या डब्यासारख्या मांडाव्या लागतात. स्वयंपाकाच्या ओट्याशी एक जण उभा असला म्हणजे दुसऱ्याला अंग चोरून पलीकडे जावे लागते.

जुने नौकावासी

आरंभीच्या काळात नौकेवरील बहुतेक कामगारांची घरे काठावर होती. कुटुंबासह नौकेवर राहण्याची प्रथा मोठ्या प्रमाणावर पडली ती १८४० नंतर, रेल्वेच्या स्पर्धेने मालवाहतुकीचे दर उतरल्यावर. पगारी माणूस परवडेना म्हणून त्याच्या जागी पत्नी आणि मुले आली. घराचे भाडेही वाचले. हे लोक मूळचे जिप्सी असावेत अशी एक समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. हॅरी हॅन्सन या इतिहासकाराने आपल्या १९७५ सालच्या ग्रंथात ती पुराव्याच्या आधारे अमान्य केली आणि हा वर्ग प्रामुख्याने काठावरच्या सामान्य श्रमिकांतूनच घडला असे दाखविले. भटकेपणा हा त्यांचा वंशपरंपरागत स्वभाव नसून एका आर्थिक परिस्थितीने लादलेली जीवनपद्धती होती, हा या संशोधनाचा निष्कर्ष येथे विशेष महत्त्वाचा आहे.

मालासाठी बहुतेक जागा राखून ठेवल्यावर कुटुंबाच्या वाट्याला नौकेच्या मागील टोकाची सुमारे दहा फूट लांबीची खोली येई. तीत शेगडी, दार खाली पाडले की मेज होणारे कपाट आणि रात्री आडवी मांडावयाची शय्या यांची काटेकोर योजना असे. गुलाबाची फुले आणि किल्ले यांच्या चित्रांनी दारे व पाण्याची भांडी रंगविण्याची त्यांची कला प्रसिद्धच आहे.

या वर्गाच्या स्थितीकडे जॉर्ज स्मिथ या समाजसुधारकाने १८७० नंतरच्या दशकात लोकांचे लक्ष वेधले आणि त्याच्या प्रयत्नांतून १८७७ व १८८४ चे कालवानौका कायदे संमत झाले. त्यांनुसार राहत्या नौकेची नोंदणी आवश्यक ठरली. खोलीत किती माणसांनी राहावे यावर हवेच्या घनफळाच्या हिशेबाने मर्यादा आली. तथापि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय तरतूद शिक्षणविषयक होती. नौकेवरील मूल शाळेच्या प्रयोजनार्थ नौका जेथे नोंदलेली असेल त्या गावचे रहिवासी समजावे, असे कायद्याने ठरविले. नौका प्रत्यक्षात शंभर मैल दूर असली तरी कागदोपत्री मूल त्या गावी राहत असे. चालत्या घराला एका स्थळी खिळविण्याचा कायद्याचा हा पहिला प्रयत्न होय. व्यवहारात अर्थातच मुलांना माल उतरेपर्यंतचे एक-दोन दिवस, जेथे असतील तेथील शाळेत बसावे लागे. कित्येकांना अक्षरओळखही झाली नाही.

मालवाहतुकीकडून वास्तव्याकडे

१९४८ मध्ये बहुतेक कालव्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९६२–६३ च्या कडक हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठून राहिले आणि आधीच क्षीण झालेल्या व्यापाराला तो आघात सोसला नाही. लंडनमधील साउथॉल येथील मुरंब्याच्या कारखान्याला होणारा नौकांद्वारे कोळशाचा पुरवठा १९७० मध्ये थांबला. दूर अंतराच्या नियमित मालवाहतुकीचा शेवट बहुधा याच घटनेने दर्शविला जातो.

दरम्यान कालव्यांकडे पाहण्याची एक नवी दृष्टी उदयास आली होती. एल. टी. सी. रोल्ट हा अभियंता १९३९ पासून पत्नीसह ‘क्रेसी’ नावाच्या नौकेवर राहू लागला. १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘नॅरो बोट’ या पुस्तकाने मोठी आस्था निर्माण केली आणि १९४६ मध्ये रोल्ट, रॉबर्ट एकमन प्रभृतींनी अंतर्देशीय जलमार्गांच्या रक्षणासाठी संघटना स्थापिली. १९६८ च्या वाहतूक कायद्याने अनेक कालवे विहारासाठी राखण्याचे मान्य केले. २०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समधील सुमारे २,००० मैलांचे जलमार्ग ‘कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट’ या धर्मादाय संस्थेकडे आहेत. त्यांवर आज तीस हजारांहून अधिक नौका आहेत. यांतील बऱ्याच विहारापुरत्या वापरल्या जातात. परंतु हजारो माणसे नौकांवर बारमाही राहतात. कोणी या जीवनाच्या ओढीने आलेले असतात, तर कोणी, विशेषतः लंडन आणि दक्षिण इंग्लंडमध्ये, घरांच्या किमती व भाडी आवाक्याबाहेर गेल्यामुळे. म्हणजे १८४० नंतरच्या कुटुंबांप्रमाणेच याही लोकांना पाण्यावर आणण्यात घरभाड्याचा वाटा आहे.

दिनचर्या

काठावरच्या घरात पाणी, वीज, उष्णता आणि मलनिःसारण या गोष्टी नकळत होत असतात. नौकेवर त्यांतील प्रत्येक गोष्ट हे एक स्वतंत्र काम असते. हिवाळ्याच्या सकाळी पहिले काम शेगडीचे. रात्रभर मंद ठेवलेल्या निखाऱ्यांवरची राख झाडावयाची, धूररहित कोळसा घालावयाचा, राखेचे भांडे बाहेर काढून निववावयाचे. पोलादी भिंतींवर आतून साचणारा ओलावा दूर ठेवण्यासही हीच शेगडी उपयोगी पडते. वीज बारा व्होल्टच्या बॅटऱ्यांत साठविलेली असते. उन्हाळ्यात छतावरील सौरपट्ट्या पुरतात. हिवाळ्यात इंजिन चालवून बॅटऱ्या भराव्या लागतात, आणि शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून रात्री आठ ते सकाळी आठ या वेळात बांधलेल्या नौकेचे इंजिन वीजनिर्मितीसाठी चालविण्यास मनाई आहे. नाळेकडील टाकीत काही शे लिटर पाणी मावते. ते संपण्यापूर्वी कालव्याकाठच्या नळापर्यंत नौका नेऊन, नळी जोडून, तासभर थांबावे लागते. शौचकूपाची पेटी ठरावीक केंद्रावर नेऊन रिकामी करणे हे काम कोणालाच प्रिय नसते. पण पुढचा मुक्काम कोठे करावयाचा हे पुष्कळदा त्यावरूनच ठरते.

प्रवासाची गती ताशी चार मैलांपेक्षा अधिक असू नये असा नियम आहे आणि बांधलेल्या नौकांजवळून जाताना ती याहूनही कमी करावी लागते. जलपाश आला म्हणजे नौका आत घेऊन मागचा दरवाजा लावावयाचा, लोखंडी हँडलने झडपा उचलून वरचे पाणी आत सोडावयाचे आणि दोन्हीकडची पातळी एक झाली की लांब तुळईला पाठ लावून पुढचा दरवाजा ढकलावयाचा. एका अरुंद जलपाशाला एका खेपेस सुमारे एक लाख लिटर पाणी लागते. ते डोंगरमाथ्यावरील जलाशयांतून येत असल्यामुळे अवर्षणाचा परिणाम थेट नौकावासीयांच्या हालचालीवर होतो. २०२५ च्या उन्हाळ्यात लीड्स–लिव्हरपूल कालव्यासह अनेक ठिकाणचे जलपाश पाण्याअभावी बंद ठेवावे लागले.

कोळसा, डिझेल आणि गॅसची नळकांडी घेऊन फिरणाऱ्या पुरवठा नौका अजूनही काही कालव्यांवर दिसतात. कोळशाच्या वाहतुकीसाठी बांधलेल्या जलमार्गावर आज कोळसा जातो तो प्रामुख्याने नौकावासीयांच्या शेगड्यांसाठी. डिझेलच्या खरेदीत तर स्थावर-जंगमाचा प्रश्न अगदी मूर्त स्वरूपात समोर येतो. नौका चालविण्यासाठी लागणाऱ्या डिझेलवर २००८ पासून पूर्ण कर आहे. घरगुती वापराच्या डिझेलवर तो कमी आहे. टाकी मात्र एकच. तेव्हा साठ टक्के प्रवासासाठी आणि चाळीस टक्के घरासाठी, अशी विभागणी ग्राहकाने घोषित करावी हा सर्वसाधारण प्रघात पडला आहे. वाहन कोठे संपते आणि घर कोठे सुरू होते, याचे उत्तर येथे पावतीवर लिहून द्यावे लागते.

चौदा दिवसांचा नियम

नौका कालव्यावर ठेवण्यासाठी परवाना, विमा आणि सुरक्षिततेचे प्रमाणपत्र यांची आवश्यकता असते. याशिवाय १९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्याने दोन पर्याय ठेवले आहेत. नौकेला कायम बांधून ठेवण्याची जागा तरी असावी. नाही तर परवान्याच्या संपूर्ण मुदतीत ती सद्भावपूर्वक नौकानयनासाठी वापरली जावी आणि कोणत्याही एका स्थळी सलग चौदा दिवसांहून अधिक काळ, अथवा परिस्थितीनुसार वाजवी ठरेल इतक्या अधिक काळाहून जास्त, थांबू नये. ज्या जागी कायम राहण्याची अधिकृत परवानगी आहे अशा जागा थोड्या व महाग असल्यामुळे पुष्कळांना दुसरा पर्याय स्वीकारावा लागतो.

‘स्थळ’ म्हणजे काय आणि किती दूर गेले म्हणजे नौकानयन सद्भावपूर्वक ठरते, हे कायदा सांगत नाही. २०११ मध्ये केनेट–एव्हन कालव्यावरील एका प्रकरणात ब्रिस्टल येथील कौंटी न्यायालयाने असा निर्णय दिला की, राहण्याच्या सोयीसाठी थोड्याशा टापूत मागेपुढे करीत राहणे हे या अर्थाने नौकानयन नव्हे. ट्रस्टच्या मते ‘स्थळ’ म्हणजे बांधण्याचा खुंटा नसून तो परिसर; आणि वर्षभरात वीस मैलांहून कमी टापूत फिरणाऱ्याला ही अट पाळल्याचे पटवून देणे फार कठीण आहे. काठाने फिरणारे कर्मचारी नौकांचे क्रमांक टिपतात. नोंदी असमाधानकारक वाटल्यास परवाना सहा महिन्यांपुरताच दिला जातो, किंवा नाकारला जातो. आणि विनापरवाना नौका पाण्यातून हलविण्याचा अधिकार १९८३ च्या कायद्याने दिलेला आहे. त्या नौकेवर कोणी राहत असेल, तर परवाना गमावणे म्हणजे घर गमावणे होय.

या नियमाचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. निवृत्त दांपत्याला पंधरवड्यातून एकदा नौका हलविणे हा आनंदाचा भाग वाटेल. परंतु ज्याची नोकरी एका गावात आहे, ज्याचे मूल तेथील शाळेत आहे, त्याच्या बाबतीत वर्षातून सुमारे सव्वीस वेळा घर हलते आणि नोकरी व शाळा जागीच राहतात. दर मुक्कामागणिक शाळेची वाट लांबते अथवा आखूड होते. आजारपण, बाळंतपण, इंजिनातील बिघाड, बर्फ किंवा बंद जलपाश अशा प्रसंगी ‘वाजवी काळ’ या शब्दांचा आधार घेता येतो. पण त्यासाठी आपली खासगी अडचण अधिकाऱ्यापुढे मांडावी लागते, जी काठावरच्या रहिवाशाला कधी मांडावी लागत नाही. मतदानासाठी २००० च्या कायद्यानुसार ‘स्थानिक संबंधाची घोषणा’ करता येते. टपाल नातलगांच्या पत्त्यावर मागवावे लागते.

दुसरी बाजूही विचारात घेतली पाहिजे. काठावरची जागा मर्यादित आहे. सर्वच नौका सोयीच्या जागी ठाण मांडून राहिल्या, तर प्रवासाला निघालेल्यांना मुक्कामास जागा उरणार नाही. कायम जागेचे भाडे भरणारे नौकाधारकही समान न्यायाची अपेक्षा करतात. कालव्यांच्या दुरुस्तीचा खर्च वाढत आहे. कायम जागा नसलेल्या नौकांच्या परवाना शुल्कावर एप्रिल २०२४ पासून जो अधिभार लावण्यात आला आहे त्यामागे ही कारणे आहेत. नौकावासीयांच्या संघटनांचा त्यावरील आक्षेप असा की, ज्यांना स्थिर जागा परवडत नाही त्यांच्यावरच हा बोजा पडतो.

समारोप

वरील विवेचनावरून दोन कायद्यांतील विरोध स्पष्ट होईल. १८७७ चा कायदा सतत फिरणाऱ्या कुटुंबांना उद्देशून होता आणि त्याने त्यांना नोंदणीच्या गावाशी बांधले. १९९५ चा कायदा प्रामुख्याने नौकानयनाच्या व्यवस्थेचा कायदा आहे; परंतु ज्यांना स्थिर राहण्याची गरज आहे अशा कुटुंबांवर त्याने फिरण्याचे बंधन घातले. दोन्ही वेळी कायद्याने नौकेकडे तिच्या एकाच अंगाने पाहिले. पहिल्याने ती चालते हे पुरते मानले नाही. दुसऱ्याने तीत माणसे राहतात हे पुरते मानले नाही. २०१६ च्या गृहनिर्माण व नियोजन कायद्याने स्थानिक संस्थांना घरांच्या गरजेचा आढावा घेताना नौका बांधण्याच्या जागांचाही विचार करण्यास सांगितले आहे. नौका हे घर आहे या वस्तुस्थितीची ती अल्पशी का होईना, दखल होय. त्या आढाव्यांतून प्रत्यक्षात किती जागा निर्माण होतात, यावर या वर्गाचे भवितव्य बरेचसे अवलंबून राहील. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने या जीवनाचा अभ्यास करताना रंगीत दारे आणि संथ पाणी यांच्या आकर्षणापलीकडे जाऊन पाण्याची टाकी, डिझेलची पावती आणि पंधरवड्याचा हिशेब यांकडे पाहावे. वास्तव्य या शब्दाचा अर्थ कोण ठरवितो, आणि तो ठरविला गेल्यावर कोणाला कोठे राहता येते, हे तेथे अधिक स्पष्टपणे दिसून येईल.