कोयना जवळ, तरी विजेत कोळसा! घरातला कार्बन कसा कमी कराल?

‘आपल्याकडे कोयना आहे, मग आपली वीज स्वच्छच,’ असे सातारा-सांगलीत अनेकांना वाटते. पण कोयनेच्या १,९६० मेगावॉटच्या प्रकल्पाची वीज सामायिक ग्रीडमध्ये जाते. तिथून आपल्या घरी येणाऱ्या विजेत मोठा वाटा कोळशाचा असतो.

याचा आपल्याशी संबंध काय?
२०१९ मध्ये कृष्णेच्या महापुराने सांगली बुडाली. २०२१ मध्ये पाटण तालुक्यात दरडी कोसळून माणसे गेली. एखाद्या आपत्तीचे खापर केवळ हवामानबदलावर फोडता येत नाही. पण तापलेल्या हवेत बाष्प जास्त मावते आणि अतिवृष्टीचा धोका वाढतो.

घरातून किती कार्बन जातो?
एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. १४.२ किलोचा गॅस सिलिंडर संपला की सुमारे ४२ किलो.

जास्त वीज कशाला लागते?
- मोबाइल: रोज चार्ज केला तरी महिन्याला साधारण एक युनिटही लागत नाही.
- गिझर: २,००० वॉटचा गिझर रोज अर्धा तास चालला, तर महिन्याला ३० युनिट.
- पंखा: ७५ वॉटचा जुना पंखा रोज १२ तास फिरला, तर २७ युनिट. ३० वॉटचा बीएलडीसी पंखा तेवढ्याच वेळात सुमारे ११ युनिट घेतो.

म्हणजे चार्जरचे बटण बंद करणे चांगलेच; पण खरी बचत गिझर आणि पंख्यात आहे.

आधी काय करावे?
पाणी तापले की गिझर लगेच बंद करा. सर्वाधिक वेळ फिरणारा पंखा आधी बदला. एसी २४ अंशांवर ठेवा. डाळ, कडधान्ये भिजवून कुकरला लावा. गॅस कमी जळतो. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटनंतरच्या युनिटला दर जास्त आहे, त्यामुळे बचत खिशालाही जाणवते.

सौर पॅनेलचे काय?
पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम ठरले. छतावरचा एक किलोवॉटचा संच महिन्याला साधारण १२० युनिट वीज देतो. म्हणजे सुमारे ८४ किलो कार्बनची बचत. ‘पीएम सूर्यघर’ योजनेत दोन किलोवॉटपर्यंत प्रतिकिलोवॉट ३० हजार, तर तीन किलोवॉट आणि त्यापुढे कमाल ७८ हजार रुपये केंद्रीय अनुदान आहे.

मात्र, क्रम चुकवू नका. आधी वापर कमी करा, मग संच घ्या. ज्या घराला तीन किलोवॉट लागले असते, तिथे कदाचित दोनच पुरतील. भाड्याच्या घरात पॅनेल शक्य नसेल, तर सुरुवात पंख्यापासून करा. घर बदलताना तो सोबत नेता येतो.