ठेंगण्या बाईचं बाळंतपण: उंची काय सांगते, काय सांगत नाही

भिवंडी तालुक्यातल्या दापोड्यात, किंवा माणकोली-अंजूरफाटा पट्ट्यातल्या गोदामांच्या कुठल्याही गावात, गरोदर बाईची नोंद झाली की माता-बाल संरक्षण कार्डावर तिची उंची लिहितात. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन पुन्हापुन्हा तपासलं जातं. उंची एकदाच लिहितात आणि मग विसरतात. काही घरांत उलट घडतं. ‘एवढीशी पोर, हिचं सिझरच होणार’ असं पहिल्या महिन्यातच ठरून जातं. विसरणं धोक्याचं आणि आधीच ठरवून टाकणं चुकीचं. कमी उंची ही तयारीला लागायची सूचना आहे, एवढंच तिच्याकडून घ्यायचं.

आकडा आधी नीट घ्या

चप्पल काढायची, अंबाडा किंवा क्लिप सोडायची. टाचा, पाठ आणि डोक्याचा मागचा भाग भिंतीला टेकवायचा, नजर समोर ठेवायची. डोक्यावर पट्टी आडवी धरून खूण करायची आणि मग टेपने मोजायचं. अंबाड्यावर पट्टी ठेवली की उंची दोन-तीन सेंटीमीटर सहज वाढते आणि जोखमीची बाई यादीतून सुटते.

सरकारी मार्गदर्शनात 140 सेंटीमीटर, म्हणजे साधारण 4 फूट 7 इंच, ही सावधगिरीची रेषा आहे. अनेक डॉक्टर 145 पासूनच लक्ष ठेवतात.

उंचीचा आणि बाळंतपणाचा संबंध

बाळ कंबरेच्या हाडांच्या ज्या कड्यातून खाली उतरतं, त्याला डॉक्टर पेल्व्हिस म्हणतात. बाई ठेंगणी असेल तर हे कडं अरुंद असण्याची शक्यता वाढते. ही फक्त शक्यता असते. बाळाचं डोकं लहान-मोठं असतं, त्याच्या कवटीचे सांधे मोकळे असल्यामुळे कळांच्या जोरावर ते थोडं आकार बदलतं, हनुवटी छातीशी टेकली की कमी जागेतून निघतं. म्हणून कडं आणि डोकं यांचा मेळ बसतो की नाही, हे टेपवरच्या आकड्यावरून कळत नाही.

शिवाय ठेंगण्या आईचं बाळही बहुधा लहान असतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या आयांची सरासरी उंची सुमारे 152 सेंटीमीटर आणि बाळांचं सरासरी वजन पावणेतीन किलोच्या आतच होतं. पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा खाणाऱ्या आयांची बाळं वजनाने बरी निघाली. ‘जास्त खाल्लं तर बाळ मोठं होईल आणि अडेल’ या धास्तीने ठेंगण्या सुनेच्या ताटातली भाकरी कमी करू नये. उपाशी राहून कडं रुंद होत नाही, बाळ मात्र अशक्त होतं.

बाळ गरजेपेक्षा मोठं होतं ते मधुमेहात. ठेंगण्या बायांमध्ये गरोदरपणातला मधुमेह जास्त आढळतो. म्हणून 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी होणारी रक्ततपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यान करून घ्यावीच.

नऊ महिन्यांची आखणी

पहिल्या तीन महिन्यांत नाव नोंदवा आणि एक सोनोग्राफी करा. दिवस नेमके कळले की पुढे बाळाची वाढ पडताळता येते. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यांत डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. जोखीम दिसली तर कार्डावर लाल स्टिकर लागतो. तो पाहून घाबरू नका. तो असला की पुढचा डॉक्टर कार्ड हातात घेताच सावध होतो.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. सातव्या महिन्यात वाड्याला, शहापूरला किंवा दूर गावी जाणार असाल, तर तिथल्या कोणत्या रुग्णालयात रात्रीही सिझर होतं, भूलतज्ज्ञ येतात आणि रक्ताची सोय आहे, हे निघण्याआधी विचारा. तशी सोय नसेल तर या वेळी आईनेच लेकीकडे येऊन राहावं. रीत पाळण्यापेक्षा बाई सुखरूप सुटणं मोठं.

36 आठवड्यांनंतर डॉक्टर पोटावर हात ठेवून बाळाचं डोकं कड्यात उतरतंय की समोरच्या हाडावर अडून राहतंय, ते चाचपतात. डोकं वर आहे म्हणून लगेच सिझर करायचं, असंही नसतं. पुष्कळ पहिलटकरणींच्या बाळाचं डोकं कळा सुरू झाल्यावरच खाली येतं.

कळा सुरू झाल्यावर

खरी परीक्षा इथे होते. बाळ डोक्याने असेल आणि बाकी सगळं ठीक असेल, तर ठेंगण्या बाईलाही नैसर्गिक प्रसूतीची संधी देतात. ती फक्त अशा ठिकाणी द्यावी, जिथे लागलं तर लगेच सिझर करता येईल. गर्भाशयाचं मुख किती उघडलं, डोकं किती उतरलं, कळा किती येतात, बाळाचे ठोके कसे आहेत, हे पार्टोग्राफ नावाच्या तक्त्यावर मांडत जातात. कळा जोरात आहेत, पण मुख उघडत नाही किंवा डोकं जागचं हलत नाही, हे त्या रेषांवरून वेळेत दिसतं आणि तेव्हा सिझरचा निर्णय होतो.

अडलेलं बाळंतपण रेटत राहिलं तर गर्भपिशवी फाटू शकते, लघवीच्या मार्गाला कायमची इजा होऊ शकते, बाळ दगावू शकतं. म्हणून घरी कुणालाही कळा वाढवायचं इंजेक्शन देऊ देऊ नका आणि बाळ ढकलायला पोट दाबू देऊ नका.

दापोड्याहून निघताना कंटेनरची रांग आणि माणकोली नाक्याची कोंडी हिशेबात धरा. पाणी गेलं किंवा कळा नियमित झाल्या की थांबू नका. 102 किंवा 108 ला फोन करा. भिवंडीत इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय आहे, पुढे कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझर, औषधं, रक्त आणि वाहन मोफत आहे.

हाडांच्या वाढीतलाच फरक असेल तर

अकॉन्ड्रोप्लेजियासारख्या स्थितीत हात-पाय आखूड आणि धड जवळजवळ सर्वसाधारण असतं. इथे हिशेब वेगळा. पेल्व्हिस इतकं अरुंद असतं की सिझर आधीपासूनच ठरवावं लागतं. छाती लहान आणि पोटात जागा कमी, त्यामुळे शेवटच्या महिन्यांत धाप लागते; श्वासाची तपासणी लवकर व्हावी. पाठीच्या मणक्यातला मार्ग अरुंद असल्याने पाठीतून भूल देणं अवघड जातं आणि पूर्ण भूल देताना मान जपावी लागते. म्हणून भूलतज्ज्ञांची भेट ऑपरेशनच्या टेबलावर नको, काही आठवडे आधी व्हावी. अशा प्रसूतीसाठी मोठं रुग्णालयच गाठावं.

हा बदल एफजीएफआर3 या जनुकातला. जोडीदाराची उंची सर्वसाधारण असेल तर प्रत्येक बाळात तो उतरण्याची शक्यता निम्मी. दोघांनाही तीच स्थिती असेल तर चारांत एका बाळाला दोन्हीकडून तो बदल मिळतो आणि ते बाळ सहसा जगत नाही. म्हणून दिवस राहण्याआधी जनुकीय सल्ला घ्यावा. आई होणं न होणं हा मात्र तिचाच निर्णय. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात वैद्यकीय किंवा जनुकीय कारणाने 147 सेंटीमीटर किंवा कमी राहिलेली उंची दिव्यांगत्वात मोडते, आणि दिव्यांग स्त्रीचा गर्भपात तिच्या स्पष्ट संमतीशिवाय करणं गुन्हा आहे. त्याला अपवाद फक्त तीव्र दिव्यांगत्वाचा, तोही डॉक्टरांचं मत आणि पालकाची संमती असेल तरच.

बाळ हातात आल्यावर

दूध येण्याचा उंचीशी काही संबंध नाही. पाजताना पायांखाली पाट आणि बाळाखाली उशी घ्या, खाट बुटकी ठेवा. बाळ अडीच किलोच्या आत असेल तर ते छातीशी उघड्या त्वचेला लावून ऊब द्या आणि वजनाच्या तारखा चुकवू नका. सिझर झालं असेल तर पुन्हा दिवस राहण्याआधी किमान दोन वर्षांचं अंतर ठेवा.

आज घरात सून किंवा लेक गरोदर असेल तर तिची उंची पुन्हा एकदा नीट मोजा आणि कार्डावरची पाहा. 145 च्या आत असेल तर येत्या 9 तारखेला तिच्याबरोबर जा आणि डॉक्टरांना थेट विचारा: हिचं बाळंतपण कुठे करायचं? उत्तरातलं रुग्णालय आणि तिथला फोन नंबर कार्डावर लिहून घ्या.